पद्मिनी सेल घेते पण पकडत नाही: इंजिन उघडण्याआधी सल्ला हवा

कृष्णाकाठ | २ सप्टेंबर २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बाबांची १९८८ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी नवी घेतलेली, आजवर दुसऱ्या कुणाच्या नावावर गेलेली नाही. येत्या ऑक्टोबरात आरसीची (नोंदणीपत्राची) मुदत संपते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २००३, २००८, २०१३ आणि २०१८ला बाबांनी स्वतः गाडी चालवत नेऊन करून आणलं. या वेळी गाडी जागेवरून हलत नाहीये.

लक्षणं सांगते. सेल (स्टार्टर) मारला की इंजिन खणखणीत फिरतं, पण पकडत नाही, म्हणजे स्वतःहून चालू होत नाही. खोकतसुद्धा नाही.

मे महिन्यात ट्यूनिंग केलं होतं. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, डेल्कोची कॅप, रोटर असा सगळा नवा संच टाकला. डेल्को म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर; रोटर त्याच्या आत फिरतो, आणि पॉइंट उघडमीट करून ठिणगी पाडतो. त्यानंतर दोन आठवडे गाडी गावात नीट फिरली. जूनच्या मध्यापासून पावसामुळे पोर्चमध्ये झाकून उभी. ऑगस्टअखेर झाकण काढलं, बॅटरी चार्ज करून आणली, सेल मारला आणि तेव्हापासून हे असं.

आतापर्यंत केलेलं: टाकीतलं जुनं पेट्रोल काढून पाच लिटर नवं टाकलं. प्लग काढून साफ केले. काढले तेव्हा पेट्रोलने ओले होते. कॉईलकडून डेल्कोच्या कॅपमध्ये जाणारी मधली वायर काढून मेकॅनिकने इंजिनजवळ धरली, तर निळा, जाड करंट (ठिणगी) पडला. म्हणून तो म्हणाला करंट ओके आहे, दोष कार्बोरेटरचा. कार्बोरेटर दोनदा उघडून धुऊन बसवला. फरक शून्य. काल त्याने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं, चारही सिलिंडरला कमी निघालं. आता म्हणतो इंजिन उघडावं लागेल, पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. कंबरेच्या दुखण्यामुळे बॉनेटखाली वाकता येत नाही. खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि एकच म्हणतात, "मे महिन्यात चालणाऱ्या इंजिनाच्या चारही रिंगा उभ्या उभ्या जात नाहीत." मला त्यांचं पटतं, पण त्यापुढे काय तपासायचं ते कळत नाही. जाणकारांनी मदत करावी.

रानवारा | २ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, माझा संशय पेट्रोलवर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पावसाळाभर टाकी अर्धी रिकामी राहिली की हवेतला ओलावा आत जातो, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की इथेनॉलसकट तळाला बसतं. एसी पंप (इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप) नेमका तळातलंच ओढतो. तुम्ही पाच लिटर नवं टाकलंत, पण टाकीचा तळ पूर्ण काढला होता का? पाइपातलं, पंपाच्या वाटीतलं काढलं का? जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रामही इथेनॉलने फुगतो किंवा चिरतो.

टॅक्सीनाका | २ सप्टेंबर, रात्री ११:०२

पद्मिनी बघून लॉगिन केलं. माझ्या वडिलांनी मुंबईत सत्तावीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, माझं लहानपण त्या मागच्या सीटवर गेलंय.

नाक्यावरची रीत सांगतो. एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात दोन चमचे पेट्रोल टाका आणि सेल मारा. पकडून बंद पडली तर पेट्रोल येत नाही, म्हणजे पंप किंवा जेट. तरीही नाहीच पकडली तर करंट.

हातपाना | ३ सप्टेंबर, सकाळी ६:५०

ताई, कृपा करून वरचा प्रयोग करू नका. टॅक्सीनाका, राग मानू नका, ही रीत मीही वापरली आहे. पण फिल्टर काढलेला असताना इंजिन उलटं फुत्कारलं तर कार्बोरेटरच्या तोंडातून जाळ वर येतो. माझ्या गॅरेजमध्ये एका पोराच्या भुवया आणि हात भाजले होते. त्या दिवसापासून मी ही रीत बंद केली. आणि इथे तिची गरजच नाही. प्लग ओले निघालेत, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय. पेट्रोल येतंय आणि जळत नाहीये.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज होतं, २०१६ला बंद केलं. तीस वर्षांत फियाट, पद्मिनी, अँबॅसिडर पुष्कळ हाताखालून गेल्या. तुमच्या लिहिण्यात मला एक जागा खटकली. करंट कॉईलच्या वायरीला बघितला आणि "करंट ओके" म्हटलं. कॉईलपासून प्लगपर्यंतची वाट अजून कुणी तपासलेलीच नाही. कॉईलची वायर, मग कॅपच्या मधला कार्बन, मग रोटर, मग कॅपचे चार खांब, मग चार वायरी, मग प्लग. यात कुठेही गळती असली तरी कॉईलला करंट झकास दिसणार आणि प्लग कोरडा राहणार. कोरडा म्हणजे करंटाविना, पेट्रोलने तो भिजलेलाच असेल.

आज एवढं करा:

एक प्लग काढा, त्याच्या वायरीत घाला, प्लगचं लोखंडी अंग इंजिनला घट्ट टेकवा आणि सेल मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा. त्याआधी बॉनेट अर्धा तास उघडं ठेवा. पेट्रोलची वाफ उडून गेली पाहिजे. आणि प्लगचं जे भोक उघडं आहे त्याच्यापासून ठिणगी लांब पाडा, त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. चारही वायरींना असंच बघा.

सेल चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून व्होल्ट मोजा. साडेनऊच्या खाली जात असेल तर सेल फिरेल, पण कॉईलला पुरेसं मिळणार नाही.

आणि ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येतो का ते लिहा. हे का विचारतोय ते नंतर सांगतो.

तोवर इंजिनाला हात लावू देऊ नका.

रानवारा | ३ सप्टेंबर, सकाळी ८:३०

हातपाना काकांचं म्हणणं पटलं. ओल्या प्लगचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता.

कृष्णाकाठ | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:२५

काका, सगळं केलं. भाच्याने सेल मारला, मी प्लग धरला, बाबा खुर्चीवरून बघत होते.

चारही वायरींना प्लगवर करंट नाही. एकदाही नाही. तीच कॉईलची वायर इंजिनजवळ धरली की मात्र टक-टक निळा करंट. सेल मारताना बॅटरी १०.४ व्होल्ट दाखवते.

ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा चांगलाच वास आहे. आणि ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर गेली आहे. मी तर ऑइल घातलेलं नाही.

घाटमाथा | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

मध्येच विचारतोय, माफ करा. माझी २००६ची छोटी गाडी आहे, इंजेक्शनवाली. तिचंही असंच, सेल फिरतो आणि पकडत नाही. हेच सगळं करायचं का?

हातपाना | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३५

घाटमाथा, तुमच्या गाडीत पॉइंट नाही, तुमची वाट निराळी. चावी "ऑन" करा, सेल मारू नका, आणि मागच्या सीटखाली कान द्या. दोन-तीन सेकंद पंपाचा गुणगुण आवाज आला पाहिजे. नसेल येत तर आधी फ्यूज, मग पंपाचा रिले. आवाज येत असेल तर डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का बघा. लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून पाहा. तेही ठीक असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) तपासून घ्या. तो गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाला की पुन्हा चालतो, त्यामुळे पटकन सापडत नाही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

ताई, आता तुमचं. बाबांना सांगा, तुमचं बरोबर होतं. रिंगा गेलेल्या नाहीत. पेट्रोल आठ दिवस सिलिंडरमध्ये जातंय आणि जळत नाहीये. ते सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलं, म्हणून पातळी वाढली आणि वास आला. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, त्यानेच दाब धरला जातो. तो धुऊन गेला की चांगल्या इंजिनाचंही कॉम्प्रेशन कमी दाखवतं. एक-दोन सिलिंडरला कमी असतं तर मी वेगळा विचार केला असता. चारही एकदम पडलेत, म्हणजे ते धुतले गेलेत.

आता करंट. कॉईलला आहे आणि चारही प्लगना नाही. वायर खराब असती तर एका-दोघांना तरी मिळाला असता. चौघांची सामाईक जागा दोनच, कॅपचा मधला कार्बन आणि रोटर. कॅप उलटी करून बघा. मधोमध काळा कार्बनचा गोळा आहे का, बोटाने दाबला की आत जाऊन परत वर येतो का? कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक रेघ आहे का? असेल तर करंट त्या रेघेवरून पळतो.

टॅक्सीनाका | ३ सप्टेंबर, रात्री ९:२०

काका, राग कसला. भाजण्याचं तुम्ही सांगितलंत ते खरंच आहे.

कॅपबद्दल माझा अनुभव. पावसात साचलेल्या पाण्यातून टॅक्सी काढली की वडील पहिलं काम हेच करायचे, कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसायची. ड्रायव्हरच्या दारात एक स्वच्छ फडकं फक्त त्यासाठी असायचं, त्याला दुसरं काही पुसलं तर ओरडा बसायचा. ताई, पावसाळाभर उभी होती म्हणता, आत दमटपणा असणारच. पुसून, हेअर ड्रायरने सुकवून बघा.

कृष्णाकाठ | ४ सप्टेंबर, रात्री ८:५०

कॅप पुसली, ड्रायरने दहा मिनिटं सुकवली. कार्बन आहे, दाबला की परत येतो. रेघ कुठेच नाही, मे महिन्यातलीच नवी कॅप आहे. परत बसवून सेल मारला, तेच.

रोटरही काढून पाहिला. नवाकोरा दिसतो. पितळेवर साधा डागसुद्धा नाही. मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला रोटर नवा आहे, तो कसा जाईल.

ऑफिसनंतर रोज दोन तास यात जातात. पण खरं सांगू का, बाबांचा चेहरा बघितला की थकवा जाणवत नाही. आज त्यांनी मला पॉइंट कुठे उघडतो-मिटतो ते दाखवलं. माझ्या अडतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्या डेल्कोच्या आत पाहिलं.

वंगण | ४ सप्टेंबर, रात्री ९:४५

माझं मत, हे पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घ्या. कटकट कायमची जाईल.

हातपाना | ४ सप्टेंबर, रात्री १०:३०

वंगण, बसवता येतं आणि चांगलंही चालतं. पण बिघाड कुठे आहे ते कळण्याआधी नवीन काही बसवलं तर दोन बिघाड एकमेकांत मिसळतात. शिवाय रोटर आणि कॅप तर त्यातही तीच राहते.

ताई, "नवा आहे, कसा जाईल" हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलंय. पूर्वी एका कंपनीचा रोटर घेतला की तो पाच-सात वर्षं चाले. आता या गाड्यांचं असली सामान निघत नाही. जे मिळतं त्यात काही उत्तम आणि काही नुसतं दिसायला तसं. रोटरचं काळं प्लास्टिक करंट अडवणारं असावं लागतं. वरची पितळी पट्टी आणि आतला लोखंडी शाफ्ट यांच्यामध्ये तेवढंच प्लास्टिक आहे. पट्टी ज्या रिव्हेटने बसवलेली असते तो रिव्हेट आत फार खोल गेला असेल, किंवा प्लास्टिकच हलकं असेल, तर पंधरा-वीस हजार व्होल्ट तिथून भोक पाडून सरळ शाफ्टमध्ये उतरतात. शाफ्ट म्हणजे इंजिन, म्हणजे अर्थ. करंटला जवळचा रस्ता मिळाला, तो प्लगपर्यंत कशाला जाईल? डोळ्यांना काही दिसत नाही. भोक सुईच्या टोकाएवढं असतं.

तपासणी सोपी आहे, पैसे लागत नाहीत. प्लग जागेवर घट्ट बसवलेले असू द्या, म्हणजे वाफ बाहेर येणार नाही. डेल्कोची कॅप काढून बाजूला करा. रोटर शाफ्टवर तसाच बसलेला ठेवा. कॉईलची मधली जाड वायर रबरी पकडीने धरून तिचं टोक रोटरच्या पितळी पट्टीच्या वर, मधोमध, पाव इंच अंतरावर आणा. टेकवू नका. आता भाच्याला सेल मारायला सांगा.

रोटर चांगला असेल तर वायरीतून पट्टीवर ठिणगी पडणार नाही, कारण तिथून पुढे जायला वाटच नाही. फार तर सुरुवातीला एखादी बारीक पडेल. रोटर फुटला असेल तर कॉईलला जसा टक-टक करंट दिसला होता तसाच इथेही दिसेल.

संध्याकाळी दिवा मालवून करा, स्पष्ट दिसेल.

कृष्णाकाठ | ५ सप्टेंबर, रात्री ९:०५

टक-टक, टक-टक. वायरीतून थेट पितळेवर, दर वेळी, न चुकता. पोर्चमधला दिवा मालवला होता. रोटरच्या खालच्या बाजूला शाफ्टपाशी बारीक निळा उजेडही दिसला.

बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, "सापडलं."

आता रोटर कुठे मिळेल? सांगलीत दोन दुकानांत विचारलं, नाही म्हणाले. मे महिन्यातला संच मेकॅनिकने बाहेरून मागवला होता, तसलाच परत नको.

रानवारा | ५ सप्टेंबर, रात्री ९:४०

अप्रतिम! काका, सलाम. वाचनखूण साठवली आहे. पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, शनिवारी जाऊन विचारतो.

टॅक्सीनाका | ५ सप्टेंबर, रात्री ११:१५

ताई, मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघतो. तिथे अजून पद्मिनीचं सामान निघतं, पण किती दिवस निघेल सांगता येत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे पुढच्या महिन्याच्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून जाणार. वडील गेले तेव्हा आम्ही त्यांची गाडी भंगारात दिली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमची चालू झालीच पाहिजे. मिळाले तर दोन पाठवतो. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

हातपाना | ६ सप्टेंबर, सकाळी ६:४०

ताई, मे महिन्यात काढलेला जुना रोटर कुठे आहे? मेकॅनिककडे असेल तर आजच मागा. चालत्या गाडीतून काढलेला भाग, दिसायला कसाही असो, चालणारा असतो.

कृष्णाकाठ | ६ सप्टेंबर, रात्री १०:२०

काका, तुमचा प्रतिसाद मी चहाच्या वेळी बाबांना वाचून दाखवला. ते काही न बोलता आत गेले आणि माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला सांगितला. बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते. काढलेल्या प्रत्येक भागाला कागद गुंडाळून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहायची त्यांची सवय. मे महिन्यात त्यांनी मेकॅनिककडून जुनं सामान मागून घेतलं होतं, मला पत्ताच नव्हता. डब्यात तीन कंडेन्सर, पॉइंटचे दोन जोड, एसी पंपाचा डायफ्राम आणि रोटर. कागदावर लिहिलंय, "चालू स्थितीत काढला".

टोकाला पितळ थोडं जळलेलं आहे. घासू का?

हातपाना | ६ सप्टेंबर, रात्री १०:४५

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मनापासून.

कानस लावू नका, पितळ झिजलं की कॅपच्या खांबापर्यंतचं अंतर वाढतं. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवा आणि पुसा, बस.

पण लगेच सेल मारू नका. आधी सिलिंडर सुधारायचे आहेत:

चारही प्लग काढा. डेल्कोकडे जाणारी कॉईलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी कुठेच पडणार नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दहा सेकंद सेल मारा, साचलेलं पेट्रोल भोकांतून बाहेर फेकलं जाईल. समोर कुणी उभं राहू नये. मग प्रत्येक भोकात एक चहाचा चमचा इंजिन ऑइल घाला, पुन्हा पाच सेकंद फिरवा. यानंतर कॉम्प्रेशन मोजलंत तर वर आलेलं दिसेल.

चेंबरमधलं ऑइल पूर्ण काढून नवं भरा, फिल्टरही बदला. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर मग बेअरिंग खरंच जातील.

पॉइंटचा गॅप फिलर गेजने बघा, १५ ते १८ थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) दरम्यान. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमानेच बसल्यात ना, तेही बघून घ्या. कॅप इतक्यांदा काढ-घाल झाली की वायरी इकडच्या तिकडे होतात. चोक ओढू नका, पेट्रोल आधीच जास्त गेलंय.

सुरू झाली की भरपूर पांढरा-निळा धूर येईल. ते सिलिंडरमध्ये घातलेलं ऑइल आहे, घाबरू नका. गाडी पोर्चबाहेर ढकलून मग सुरू करा.

कृष्णाकाठ | १० सप्टेंबर, दुपारी १:३०

आज रविवार, सकाळी आठपासून लागलो. मेकॅनिकलाही बोलावलं होतं. पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, मेहनती आहे, पण डेल्को असलेली गाडी त्याच्याकडे वर्षातून एखादी येते. बाबांनी त्याला समोर बसवून रोटरची तपासणी करून दाखवली. त्याने स्वतः वायर धरून पुन्हा केली. आधी नव्यावर, ठिणगी पडली. मग जुन्यावर, नाही पडली. तो गप्प झाला आणि म्हणाला, "काका, मी तर इंजिन उघडणार होतो." ऑइल त्याने स्वतः बदललं, मजुरी घेतली नाही.

चमच्याने ऑइल घातल्यावर कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला वर आलं. दोन वायरी खरोखरच उलट्या होत्या, तिसऱ्याची चौथ्याला. क्रम मोजला नसता तर रोटर बदलूनही रडत बसलो असतो.

चौथ्या सेलला पकडली. एवढा धूर झाला की समोरच्या घरातून काकू विचारायला आल्या. मग हळूहळू धूर विरला आणि ती तिच्या नेहमीच्या आवाजात चालू लागली. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

नंतर सहा मिनिटांनी बंद पडली! परत सुरू होते, पाच-सहा मिनिटांनी परत बंद. करंट प्लगवर बघितला, आहे.

हातपाना | १० सप्टेंबर, दुपारी २:१०

टाकीचं झाकण ढिलं करून चालवा.

कृष्णाकाठ | १० सप्टेंबर, दुपारी ३:००

वीस मिनिटं झाली, चालू आहे. झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज आला. हे कसं ओळखलंत?

हातपाना | १० सप्टेंबर, दुपारी ३:२०

टाकीत पेट्रोल कमी होतं तशी वरून हवा आत यावी लागते. झाकणाचं बारीक छिद्र बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. बंद पडल्यावर थोडी हवा शिरते, म्हणून परत सुरू होते. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीत त्या छिद्रात कुंभारीण (मातीचं घर बांधणारी माशी) घर करते किंवा गंज धरतो. झाकण काढून बाहेर उघड्यावरच पेट्रोलने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग छिद्रात बारीक तार फिरवा.

कृष्णाकाठ | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४५

गणपतीच्या धामधुमीत लिहायचं राहिलं. झाकणाच्या छिद्रात मातीच होती, कुंभारणीची. काल गाडी आरटीओत नेली. मी चालवली, बाबा शेजारी. तपासणी झाली, पाच हजार रुपये फी भरली, २०२८पर्यंत नूतनीकरण मिळालं. इन्स्पेक्टरसाहेबांनी बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं आणि बाबांना विचारलं, कुंभार्ली घाट चढते का. बाबा म्हणाले, उन्हाळ्यात एसी पंपावर ओलं फडकं टाकावं लागतं, पण चढते.

टॅक्सीनाका, तुमचं पार्सल मिळालं. मनापासून आभार. दोन्ही रोटर शाफ्टवर बसवून, वायर धरून तपासले. एक चांगला निघाला, तो कागदात गुंडाळून, तारीख घालून डब्यात ठेवला आहे. दुसऱ्यावर ठिणगी पडली. तो बाबांनी हातोडीने फोडून टाकला, म्हणजे चुकून कुणी बसवायला नको.